वर्ल्ड कप आणि ऑलिम्पिकची गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठी स्पर्धा जवळ आली की जुन्या गाण्यांच्या क्लिपा व्हॉट्सॲपवर फिरू लागतात आणि त्यांच्या मागोमाग अर्धवट माहितीही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: गाण्यावर ‘अधिकृत’ असा शिक्का असणं आणि ते लोकांच्या तोंडी राहणं, यांचा फारसा संबंध नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत याचे पुरावे सापडतील.

अधिकृत गाणं, अँथम, थीम साँग... नेमका फरक काय?

बोलताना आपण सगळ्यांनाच थीम साँग म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. पण वाद होतात ते यावरूनच, म्हणून जरा सोडवून सांगतो.

अँथम म्हणजे संस्थेची कायमची धून. जर्मन संगीतकार फ्रान्झ लाम्बर्ट यांनी बांधलेलं फिफाचं अँथम १९९४ च्या वर्ल्ड कपपासून रूढ झालं. त्याला शब्द नाहीत आणि यजमान देश बदलला म्हणून ते बदलत नाही. अधिकृत गाणं मात्र दर खेपेला नवं असतं. ते आयोजक आणि एखादी रेकॉर्ड कंपनी मिळून ठरवतात.

तिसरा प्रकार प्रायोजकाच्या गाण्याचा. शीतपेयाच्या जाहिरातीत ते इतकं वाजतं की लोक त्यालाच अधिकृत समजतात. चौथा, सामने दाखवणाऱ्या वाहिनीने निवडलेलं संगीत. व्हिटनी ह्यूस्टनचं ‘वन मोमेंट इन टाइम’ १९८८ च्या सोल ऑलिम्पिकशी जोडलं गेलं ते अमेरिकेतल्या एनबीसीच्या प्रक्षेपणामुळे. पाचवा प्रकार एखाद्या संघाच्या पाठीराख्यांच्या गाण्याचा. १९९६ ची युरो फुटबॉल स्पर्धा इंग्लंडमध्ये झाली, तेव्हा स्पर्धेचं अधिकृत गाणं सिंपली रेड या बँडने केलं होतं. ते आज कुणी गुणगुणताना दिसत नाही. त्याच वेळी इंग्लंड संघासाठी केलेलं ‘थ्री लायन्स’ मात्र २०१८ मध्ये पुन्हा ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पहिलं गाणं कोणतं?

ऑलिम्पिकच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक सुरू झालं, त्याच वेळी ऑलिम्पिक गीत गायलं गेलं. शब्द कवी कोस्तिस पालामास यांचे, संगीत स्पिरिडॉन सामारास यांचं, भाषा ग्रीक. पुढे साठेक वर्षं ते बाजूलाच पडलं आणि यजमान आपापली गीतं करून घेत राहिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी रिचर्ड श्ट्राउस यांच्यासारख्या मोठ्या संगीतकाराने गीत केलं होतं. १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जुन्या ग्रीक गीतालाच कायमची मान्यता दिली आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकपासून ते ध्वज चढताना ऐकू येतं.

फुटबॉलमध्ये सुरुवात १९६२ च्या चिलीपासून धरतात. लोस रॅम्ब्लर्स या तिथल्या बँडने रॉक अँड रोलच्या चालीवर गाणं केलं आणि ते चिलीत तुफान चाललं. १९६६ ला इंग्लंडने विली नावाचा सिंह शुभंकर केला आणि लॉनी डॉनेगनने त्याच्यावर गाणं म्हटलं.

इटली १९९० चं एवढं कौतुक का होतं?

कारण त्या एका उन्हाळ्यात दोन गाणी जगभर गेली, आणि त्यातलं एक तर वर्ल्ड कपसाठी लिहिलेलंच नव्हतं.

अधिकृत गाणं होतं ‘उन’एस्ताते इतालियाना’. इटलीत आजही ते ‘नोत्ती माजिके’ या ओळीनेच ओळखलं जातं. गायलं जियाना नान्निनी आणि एदोआर्दो बेन्नातो यांनी, संगीत जॉर्जिओ मोरोडर यांचं. हे मोरोडर म्हणजे या प्रांतातले मुरलेले गडी. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी ‘रीच आउट’, १९८८ च्या सोलसाठी ‘हँड इन हँड’ आणि लगेच १९९० ला हे. सोलचं गाणं कोरियाना या कोरियन गटाने इंग्रजी आणि कोरियन अशा दोन्ही भाषांत गायलं होतं. शीतयुद्ध मावळत असतानाच्या त्या दिवसांत ते बर्लिनपासून बीजिंगपर्यंत वाजलं. मला विचाराल तर मोरोडर यांच्या तिन्हींत इटलीचं गाणं सरस आहे. बाकीच्या दोन्हींत आयोजकांना काय हवं होतं ते ऐकू येतं. इटलीच्या गाण्यात उन्हाळ्याची सुट्टी आहे, आणि जिंकण्याआधीची धाकधूकही.

दुसरं म्हणजे ‘नेस्सून दोर्मा’. पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’ या ऑपेरातलं हे गाणं. ऑपेरा रंगमंचावर आला १९२६ ला. बीबीसीने लुचियानो पावारोत्ती यांचं जुनं रेकॉर्डिंग घेऊन ते आपल्या वर्ल्ड कप प्रक्षेपणाला लावलं आणि ऑपेराचं तिकीट कधी न काढलेली माणसं पबमध्ये शेवटचा सूर लावू लागली. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, ७ जुलै १९९० ला, रोममधल्या काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास एकत्र गायले. ‘थ्री टेनर्स’ या नावाने पुढे जे प्रकरण गाजलं त्याचा जन्म या मैफलीत झाला. वाद्यवृंदाचं संचालन करत होते आपल्या मुंबईत वाढलेले झुबिन मेहता. क्रिकेटचं वेड असलेला हा माणूस फुटबॉलच्या सर्वांत गाजलेल्या मैफलीच्या मध्यभागी उभा होता, ही गंमत मला फार आवडते.

‘वाका वाका’ चोरलेलं आहे का?

चोरलेलं म्हणणं अन्यायाचं होईल, पण ‘शकीराने लिहिलेलं गाणं’ एवढंच म्हणणंही पुरेसं नाही.

२०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपचं हे अधिकृत गाणं. त्यातला सगळ्यांना येणारा भाग, म्हणजे ध्रुवपद, कॅमेरूनमधून आला आहे. गोल्डन साउंड्स नावाच्या गटाने १९८६ मध्ये ‘झांगालेवा’ हे गाणं काढलं. गटातली मंडळी राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलातली. त्यांच्याही आधीपासून ती चाल तिथल्या सैनिकांच्या आणि स्काउट मुलांच्या तोंडी होती. गोल्डन साउंड्सने तिला सोंगाची जोड दिली: लष्करी पोशाख, डोक्यावर गोऱ्या साहेबाची टोपी, आणि पोटावर, ढुंगणावर उशा बांधून नाच. वसाहतकाळातल्या लष्करशाहीची सरळसरळ टिंगल होती ती. गाणं इतकं गाजलं की पुढे गटालाच लोक झांगालेवा म्हणू लागले.

आफ्रिकी तबकड्या समुद्र ओलांडून कोलंबियाच्या किनाऱ्यावर, कार्ताहेना शहरात पोहोचत असत आणि तिथले डीजे त्या वाजवत. शकीरा कोलंबियाच्याच त्या कॅरिबियन किनाऱ्यावरची. त्यामुळे चाल तिच्यापर्यंत कशी आली याचं फार आश्चर्य नको. २०१० मध्ये गाणं बाहेर पडल्यावर कॅमेरूनमध्ये कुजबुज सुरू झाली, ‘हे तर आपलंच!’ मग मूळ गटाशी बोलणी होऊन तडजोड झाली.

दक्षिण आफ्रिकेतही नाराजी होती, पण वेगळ्या कारणाने. आफ्रिकेतला पहिला वर्ल्ड कप आणि गायिका कोलंबियाची? गाण्यात केपटाउनच्या फ्रेशलीग्राउंड या बँडला जागा मिळाली होती, तरी टीका थांबली नाही. १० जून २०१० ला सोवेटोतल्या ऑर्लँडो स्टेडियममध्ये उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशीची मैफल झाली, तिथे हे गाणं झालं. ११ जुलैला अंतिम सामन्याआधी ते पुन्हा झालं. तोवर वाद कुणाच्या लक्षात राहिला नव्हता.

माझं मत असं की गाणं टिकलं ते त्या उसन्या ध्रुवपदामुळेच. आधीच हजारो पायांनी कवायतीत घोटून घेतलेली चाल होती ती. स्टुडिओत बसून कुणी तशी चाल आठवड्याभरात काढून दाखवावी!

मग ‘वेव्हिन फ्लॅग’ अधिकृत होतं की नाही?

नव्हतं. ते २०१० च्याच वर्ल्ड कपच्या वेळचं, पण कोका-कोलाच्या मोहिमेचं गाणं. गायक केनान मूळचा मोगादिशूचा. सोमालियात यादवी पेटली तेव्हा, १९९१ मध्ये, लहानपणीच देश सोडून निघाला आणि पुढे कॅनडात स्थिरावला. गाण्याचं मूळ रूप त्याच्या २००९ च्या अल्बममध्ये आहे आणि त्यात युद्ध, भूक, स्थलांतर असं सगळं आहे. वर्ल्ड कपसाठी कडव्यांतलं दुःख काढून उत्सव घातला गेला. वेगवेगळ्या देशांतल्या गायकांना घेऊन अनेक भाषांत त्याची रूपंही निघाली. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून पाहा. चाल तीच, पण मूळ गाणं ऐकल्यावर जाहिरातीतलं थोडं पांचट लागतं.

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला आणि त्याने ऑलिम्पिकचं गाणं केलं, हे खरं का?

पहिला भाग पूर्ण खरा. फारुख बलसारा, म्हणजे पुढे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक झालेला फ्रेडी, हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत राहायला होता. पियानो तो तिथे शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला.

दुसरा भागही खरा, पण त्यात एक अडचण आहे. फ्रेडीला स्पॅनिश ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये यांच्या आवाजाचं वेड होतं, आणि ते त्याने स्पॅनिश टीव्हीवर बोलूनही दाखवलं होतं. १९८७ मध्ये दोघांची बार्सेलोनात भेट झाली आणि त्यातून ‘बार्सेलोना’ हे गाणं जन्मलं. काबाये त्याच शहराच्या. १९९२ चं ऑलिम्पिक बार्सेलोनाला मिळाल्याचं आदल्याच वर्षी जाहीर झालं होतं. ऑक्टोबर १९८८ मध्ये, सोलचं ऑलिम्पिक आटोपून ध्वज बार्सेलोनात आला तेव्हाच्या सोहळ्यात दोघांनी ते मंचावर सादर केलं. सगळं जुळून आलं होतं. पण २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला. उद्‌घाटन सोहळा २५ जुलै १९९२ चा. त्या दिवशी प्रक्षेपणात शहराच्या दृश्यांवर त्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू आला.

ऑलिम्पिकचं मुख्य गाणं वेगळंच होतं: अँड्र्यू लॉइड वेबर यांचं ‘आमिगोस पारा सिएम्प्रे’, आवाज सारा ब्राइटमन आणि होसे कारेरास यांचे. चांगलं गाणं आहे, वाद नाही. तरी बार्सेलोना ऑलिम्पिक म्हटलं की बहुतेकांना फ्रेडीच आठवतो. पुढे १९९९ मध्ये त्याच शहरात कॅम्प नोऊ मैदानावर चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तेव्हा काबाये मैदानावर उभ्या राहून गायल्या आणि फ्रेडी पडद्यावरून.

जाता जाता: स्पर्धा संपल्यावर कुठल्याही मैदानात वाजणारं ‘वी आर द चॅम्पियन्स’ हेही त्याचंच, १९७७ चं. त्या वर्षी एका मैफलीनंतर प्रेक्षक आपणहून फुटबॉलच्या पाठीराख्यांचं गाणं गाऊ लागले. त्यावरून ‘लोकांना गाता येईल असं काहीतरी करू’ ही कल्पना क्वीनच्या मंडळींच्या डोक्यात आली, असं गिटारवादक ब्रायन मे सांगतात.

‘आले आले आले’ वालं गाणं कोणतं?

रिकी मार्टिनचं ‘ला कोपा दे ला विदा’, फ्रान्स १९९८. आपल्याकडे केबल घरोघरी पोहोचल्यानंतरचं वर्ल्ड कपचं हे पहिलं मोठं गाणं म्हणायला हरकत नाही. कुठल्याही वरातीत बेंजोवर खपून जाईल अशी चाल. १९९९ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याने ते सादर केलं आणि अमेरिकेलाही हा गडी कळला.

पाण्यासारखा पैसा खर्चूनही काही गाणी आपटतात ती का?

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. दिल्लीत २०१० ला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. ए. आर. रहमान नुकतेच ऑस्कर जिंकून आलेले, साऱ्या देशाच्या अपेक्षा त्यांच्यावर. ऑगस्टअखेर गुरगावात ‘ओ यारो, ये इंडिया बुला लिया’ सादर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून टीका सुरू झाली. आयोजन समितीतल्याच मंडळींनी उघड नापसंती दाखवली. मानधनाचा साडेपाच कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत फिरू लागला. शेवटी रहमान यांना गाण्यात बदल करावा लागला.

गाणं खरंच इतकं वाईट होतं का? मला तसं वाटत नाही. पण तेव्हा ‘वाका वाका’ जेमतेम तीन महिन्यांचं होतं आणि प्रत्येकजण तोच झिंगाट ठेका शोधत होता. त्यातच स्पर्धेतले घोटाळे रोज उघडकीला येत होते, मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला होता. लोकांना आयोजकांवरचा राग काढायला काहीतरी हवं होतं आणि गाणं आयतं सापडलं. त्या वातावरणात ‘इंडियाने बोलावलंय’ हे ऐकून कुणाला उचंबळून यावं?

ब्राझील २०१४ ची गोष्ट निराळी. पिटबुल, जेनिफर लोपेझ आणि ब्राझीलची क्लॉदिया लेइची यांनी केलेल्या अधिकृत गाण्यात पोर्तुगीज अगदी चवीपुरतं. सांबा आणि बोसा नोव्हा ज्यांनी जगाला दिला त्यांच्या घरी जाऊन इंग्रजी-स्पॅनिश गाणं वाजवायचं, म्हणजे नाराजी ठरलेलीच. शकीराने त्याही वेळी ब्राझीलच्या कार्लिन्योस ब्राउनला सोबत घेऊन दुसरं गाणं काढलं आणि अनेकांना तेच जास्त भावलं.

सगळ्यात मजेदार किस्सा मात्र १९९९ च्या क्रिकेट वर्ल्ड कपचा. इंग्लंड यजमान, गाणं डेव्ह स्ट्युअर्टचं, आणि ते विक्रीला आलं यजमान संघ स्पर्धेबाहेर फेकला गेल्यानंतर. वरात निघून गेल्यावर बँडवाले यावेत तसा प्रकार. त्यात गाण्यात क्रिकेटचा उल्लेखही नव्हता! इंग्लंडला शेवटचा धक्का एजबॅस्टनला भारताने दिला होता, हे आपण आनंदाने लक्षात ठेवू.

‘दे घुमा के’ कुणाचं?

शंकर-एहसान-लॉय यांचं, २०११ च्या क्रिकेट वर्ल्ड कपसाठी. शब्द मनोज यादव यांचे, आवाज शंकर महादेवन आणि दिव्य कुमार यांचे. स्पर्धा भारत, श्रीलंका आणि बांगलादेश अशा तीन देशांत होती, म्हणून हिंदीसोबत बांगला आणि सिंहलीतही गाणं झालं. बांगलात ते ‘मार घुरिये’ झालं. उद्‌घाटनाला, १७ फेब्रुवारी २०११ ला, ढाक्यात या तिघांनी ते मैदानावर सादर केलं.

हे गाणं का चाललं ते सांगणं सोपं आहे. गल्लीत टेनिसच्या चेंडूने खेळणारी पोरं एकमेकांना जे ओरडून सांगतात तेच ध्रुवपद झालं. देश, एकता, जगाला साद वगैरे भानगड नाही. फलंदाजाने काय करायचं तेवढं सांगितलंय. शंकर महादेवन चेंबूरचे, लहानपणी श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ला चाल देणारे तेच खळेकाका. हजारोंनी एकत्र म्हणायचं गाणं कसं असावं याचा धडा याहून चांगल्या माणसाकडे मिळाला नसता. अर्थात २ एप्रिलला वानखेडेवर धोनीने षटकार मारला नसता तर गाण्याची आठवण एवढी गोड राहिली नसती, हेही आहेच.

२०२३ च्या वर्ल्ड कपसाठी प्रीतम यांनी केलेल्या ‘दिल जश्न बोले’वर समाजमाध्यमांत सडकून टीका झाली. टीका करणारे बहुतेक जण ‘दे घुमा के’चाच दाखला देत होते.

‘चक दे इंडिया’ हे भारतीय संघाचं अधिकृत गाणं आहे का?

नाही, ते चित्रपटाचं गाणं. सलीम-सुलेमान यांचं संगीत, जयदीप साहनी यांचे शब्द, सुखविंदर सिंग यांचा आवाज. चित्रपट आला ऑगस्ट २००७ मध्ये, विषय महिला हॉकी. पुढच्याच महिन्यात, २४ सप्टेंबरला, भारताने पहिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला आणि गाणं क्रिकेटला चिकटलं ते कायमचं. कुणी समितीने ठरवलं नाही, कुणी निविदा काढली नाही.

रहमान यांच्या १९९७ च्या ‘वंदे मातरम्’चंही तेच. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विजेता संघ मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर आला. तेव्हा खेळाडू आणि भरगच्च स्टेडियम यांनी एका आवाजात ते म्हटलं. ज्या रहमान यांना दिल्लीने २०१० मध्ये नाकं मुरडून दाखवली, त्यांचं सत्तावीस वर्षं जुनं गाणं मुंबईकरांना तोंडपाठ होतं.

१९८२ च्या एशियाडचं स्वागतगीत कुणाचं?

‘अथ स्वागतम्’. संगीत पंडित रविशंकर यांचं, शब्द पंडित नरेंद्र शर्मा यांचे. विविध भारतीला ‘विविध भारती’ हे नाव सुचवणारेही हेच शर्मा. १९ नोव्हेंबर १९८२ ला दिल्लीत उद्‌घाटन झालं. देशात रंगीत टीव्ही त्याच वर्षी आला होता. शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून स्पर्धेचा शुभंकर अप्पू हत्ती रंगीत पाहिलेली पिढी अजूनही ही चाल गुणगुणते. संस्कृतप्रचुर शब्द, तरी कुणाला अडचण आली नाही. आजच्या आयोजकांना हे सांगायला हवं, कारण ‘तरुणांना समजेल का’ या भीतीनेच निम्मी गाणी सपाट होतात.

चॅम्पियन्स लीगची धून इतकी भारदस्त कशी?

कारण तिचा पाया अठराव्या शतकातल्या हँडेल या संगीतकाराचा आहे. ‘झॅडॉक द प्रीस्ट’ ही त्याची रचना १७२७ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्या राज्याभिषेकासाठी केलेली. टोनी ब्रिटन यांनी १९९२ मध्ये तिच्यावरून लीगचं अँथम बांधलं. शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन मिसळून. रग्बी वर्ल्ड कपचं ‘वर्ल्ड इन युनियन’ही असंच: गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘ज्युपिटर’मधली चाल घेऊन १९९१ ला केलेलं. रग्बीवाल्यांचा शहाणपणा असा की ते चाल बदलत नाहीत, दर स्पर्धेला आवाज बदलतात. पहिल्यांदा किरी ते कानावा गायल्या, तर १९९५ ला दक्षिण आफ्रिकेत लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो आणि पी. जे. पॉवर्स.

वेस्ट इंडीजचं राष्ट्रगीत कोणतं?

वेस्ट इंडीज हा देशच नाही, त्यामुळे राष्ट्रगीतही नाही. सामन्याआधी वाजतं ते त्रिनिदादच्या डेव्हिड रडर यांचं ‘रॅली राउंड द वेस्ट इंडीज’. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला केलेलं हे कॅलिप्सो (त्रिनिदादचा लोकगीतप्रकार) पुढे संघाचं गीत झालं.

कॅलिप्सो आणि क्रिकेटचं नातं त्याहून जुनं. १९५० मध्ये वेस्ट इंडीजने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकली, तीही लॉर्ड्सवर. लॉर्ड किचनर हा गायक गिटार घेऊन पाठीराख्यांसह मैदानावरून नाचत निघाला, आणि लॉर्ड बिगिनरने त्या विजयावर कॅलिप्सो रचलं. त्यात रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीची नावं आहेत. यातले सनी रामाधीन भारतीय वंशाचे.

२०१६ ला ड्वेन ब्राव्होच्या ‘चॅम्पियन’ने हीच परंपरा पुढे नेली. ३१ मार्चला वानखेडेवर आपल्याला हरवून ते नाचले तेव्हा प्रेक्षक चिडले खरे. ३ एप्रिलला ईडन गार्डन्सवर त्यांच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी वर्ल्ड कप जिंकले आणि सगळे मिळून त्याच गाण्यावर नाचले. ते पाहून राग कधीच उतरला होता.

मराठीत किंवा कोकणीत असं काही?

२०१७ ला सतरा वर्षांखालील फुटबॉल वर्ल्ड कपचे सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आणि गोव्यात फातोर्ड्याला झाले. अधिकृत गाणं प्रीतम यांचं होतं, हिंदीत: ‘कर के दिखला दे गोल’. (भारताने त्या स्पर्धेत एकच गोल केला, जीकसन सिंगने कोलंबियाविरुद्ध. गाण्याने मागितलं तेवढं तरी मिळालं.)

आपल्याकडचं खरं स्पर्धासंगीत कुस्तीच्या मैदानात आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात जोड सुटली की हलगी, घुमकं आणि कैताळ घुमू लागतात. कुस्ती चढली की हलगीवाला लय वाढवतो, पैलवान सुस्तावला तर त्याला डिवचतो. खेळ चालू असताना खेळाडूशी बोलणारं हे संगीत आहे. उद्या महाराष्ट्रात मोठी आंतरराष्ट्रीय कुस्ती किंवा खो-खो स्पर्धा भरली तर मुंबईच्या स्टुडिओत जाण्याआधी आयोजकांनी एका हलगीवाल्याला बोलवावं, एवढीच विनंती.

आमच्या संस्थेच्या स्पर्धेसाठी गाणं करायचंय. काय लक्षात ठेवू?

गायक वर चढेल तिथे गर्दी चढत नाही, म्हणून ध्रुवपद एका सप्तकाच्या आत ठेवा. ते चार-पाच शब्दांचं असावं आणि टाळीवर बसावं. स्पर्धेचं पूर्ण नाव गाण्यात कोंबू नका. पाहुण्यांची आणि देणगीदारांची तर मुळीच नको. वाद्यांशिवाय म्हणून पाहा: शाळेच्या पटांगणात पन्नास मुलांनी नुसत्या तोंडाने म्हटलं आणि तरी जोर आला, तर गाणं जमलं. २००६ च्या इटालियन पाठीराख्यांनी व्हाइट स्ट्राइप्सच्या ‘सेव्हन नेशन आर्मी’तली नुसती गिटारची धून ‘पो-पो-पो’ करत उचलली आणि वर्ल्ड कप घरी नेला. शब्दांची गरजही लागली नाही.

सोसायटीच्या टूर्नामेंटला ही गाणी लावली तर चालतं का?

घरगुती स्वरूपाचं असेल तर सहसा अडचण येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत: रहिवाशांच्या सामाईक बंदिस्त सभागृहात रेकॉर्ड ऐकवणं, नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या कार्यक्रमात ती लावणं, किंवा हौशी मंडळाने तिकीट नसलेल्या प्रेक्षकांसमोर गाणं सादर करणं. तिकीट लावलं, प्रायोजकांचे फलक आले, मैदान भाड्याने घेतलं की गोष्ट बदलते. मग शब्द-संगीतासाठी आयपीआरएस आणि रेकॉर्डिंगसाठी पीपीएल या परवाने देणाऱ्या संस्था किंवा संबंधित कंपनी यांच्याकडे परवान्याची चौकशी आधीच करा. सामन्याच्या व्हिडिओला मागे गाणं जोडून यूट्यूबवर टाकायचं असेल तर त्याची परवानगी आणखी वेगळी. लाउडस्पीकरसाठी पोलिसांचा परवाना लागतो तो लागतोच, आणि रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत उघड्यावर तो बंद ठेवायचा, मग अंतिम सामना सुपर ओव्हरपर्यंत गेला तरी.